मालकाच्या अंगणात आरवलेला कोंबडा

सकाळी मी सुके अंजीर चिरत बसले होते. नाताळचा काळा केक आधी करून ठेवला तरच मुरतो. अंजीर, अक्रोड, शिळ्या पावाचा चुरा आणि आटवलेली द्राक्षदारू. बोटं चिकट, सुरी चिकट, आणि नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर हिंडत होता. तो मोजा मीच कुठेतरी ठेवला असणार, हे तो तोंडानं बोलत नव्हता, पण प्रत्येक खण जरा जास्तच जोरात लावत होता. तेवढ्यात दार वाजलं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. आमच्या मोंतेरिपा गावात दार कोणी वाजवत नाही. जिन्यातूनच हाक मारतात, आणि आपण ‘ओ’ देईपर्यंत माणूस स्वयंपाकघरात येऊन चुलीवर काय आहे ते बघत असतो. दार वाजलं म्हणजे एक तर कोणी परकं आलंय, नाहीतर आपल्यातलाच कोणी अवघड काम घेऊन आलाय.

सेत्तिमियाचा मुलगा नाझ्झारेनो होता. पन्नाशी उलटलेला, अंगानं दांडगा माणूस. पण टोपी हातात घेऊन असा उभा होता की जणू शाळेत उशिरा पोचलाय.

“ये रे आत, गारठा घरात येतोय,” मी म्हटलं. “दार काय वाजवतोस? कोणी गेलंबिलं का?”

“गेलं नाही कोणी.” तो पायपुसण्यावर बूट घासत राहिला. बूट कोरडेच होते. “आई ऐकत नाहीये, ओर्नेल्ला. तू जरा समजाव तिला. तुझं ऐकते ती.”

“तुझी आई कोणाचं ऐकते, हे मी आज पहिल्यांदाच ऐकतोय,” आतून माझा नवरा म्हणाला.

नाझ्झारेनो हसला नाही. तो टेकडीवरच्या बंगल्यात कामाला आहे. गवत कापतो, पाण्याच्या टाक्या तापवतो, पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो. बंगल्याच्या फाटकापाशी दोन खोल्या आहेत, तिथे तो आणि त्याची आई राहतात. खोल्या बंगल्याच्याच. बंगल्याचे हल्लीचे मालक लुदोविको बोलोन्या शहरात वाढले. आजोबा वारल्यावर काही वर्षं बंगला बंद होता, मग त्यांनी तो दुरुस्त केला, खालच्या जुन्या शेतघरात न्हाणीघरं बांधली आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. चांगला माणूस आहे. म्हातारी माणसं सोडून सगळ्यांना अरे-तुरे करतो आणि सगळ्यांनी आपल्यालाही करावं म्हणतो. ते अजून कोणाला जमलेलं नाही.

यंदा त्यांच्या डोक्यात नवीन खूळ आलं होतं. नाताळच्या आधीचे रविवार गावात बाजार भरतो, बसगाड्या भरून माणसं येतात. चौकात भाजलेली चेस्टनट खातात, मेंढीचं चीज घेतात, चर्चसमोर फोटो काढतात आणि तासाभरात कंटाळतात. त्यांना टेकडीवर न्यायचं, शेतघर दाखवायचं, आणि बंगल्याच्या अंगणात जुन्या काळची ‘कोंबड्यांची भेट’ करून दाखवायची. डोक्याला रुमाल बांधून कुळाच्या घरच्या बायका टोपलीतून कोंबड्यांची जोडी आणणार, मालकापुढे वाकणार. मग सगळ्यांना गरम रस्सा. रश्श्याचा वास आला की माणसं खोल्या विचारतात. लुदोविको हुशार आहेत.

“मग तिची हरकत कशाला आहे? टोपली न्यायला?” मी विचारलं.

“टोपलीला नाही.” नाझ्झारेनोनं एक अंजीर उचललं, परत ठेवलं. “त्यात ते माझ्या आजोबांच्या कोंबड्याचं घातलंय. आरवल्याचं.”

माझी सुरी थांबली. “हे त्यांना सांगितलं कोणी?”

तो अंजिरांकडेच बघत होता. “उन्हाळ्यात निघालं बोलता बोलता. जेवणं झाली होती, पाहुणे होते, मलाही बसवून घेतलं होतं त्यांनी टेबलावर. पहिल्यांदाच. काहीतरी बोलायला हवं ना. सगळे इतके हसले... डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, जाऊ दे, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो.” मग हळूच म्हणाला, “आईला फरक पडतो म्हणे.”

आता हे कोंबड्याचं सांगायला हवं.

आमच्या भागात सगळी शेती अर्धेलीची होती. जमीन मालकाची, घाम कुळाचा, पीक निम्मं निम्मं. निम्म्याच्या वर मालकाला मान द्यावा लागे: ईस्टरला अंडी, नाताळला खच्ची केलेल्या कोंबड्यांची जोडी. नाताळच्या दुपारी ज्या रश्श्यात सारण भरलेल्या कणकेच्या छोट्या टोप्या सोडतात, तो रस्सा खच्ची कोंबड्याचाच लागतो; साध्या कोंबडीच्या रश्श्यावर अशी सोनेरी चरबी धरत नाही. कोंबडे खच्ची करायचं काम बायकांचं; त्याला आम्ही नुसतं ‘कापणं’ म्हणतो. भर उन्हाळ्यात करायचं, लहान चीर द्यायची, बोट आत घालून दोन दाणे काढायचे, काळ्या दोऱ्यानं शिवायचं, वर राख लावायची. बारीक बोटांची बाई असली की तिला शेताशेतावरून बोलावणी येत. मग कोंबड्याचा तुराही कापून टाकतात. पण आत तांदळाच्या कणीएवढा तुकडा जरी राहिला, तरी तो पक्षी अर्धवट राहतो. हळूहळू तुरा पुन्हा लाल होतो, आणि एके दिवशी सकाळी तो आरवतो.

सेत्तिमियाचे वडील साबातीनो बंगल्याचे कूळ होते. आता न्हाणीघरं असलेलं ते शेतघर त्यांचंच. दुसऱ्या महायुद्धानंतरची वर्षं होती. कुळं एकत्र यायला लागली होती, मालकाच्या घरी नाताळचे कोंबडे न्यायचे नाहीत असं बैठकीत ठरलं होतं. कितीतरी जणांनी त्या वर्षी कोंबडे गावातल्या दवाखान्यात नेऊन आजाऱ्यांना खाऊ घातले. साबातीनो भित्रा माणूस. सात पोरं, बायको अंथरुणाला. तो बैठकीलाही गेला आणि जोडी घेऊन बंगल्यावरही गेला. मागच्या वाटेनं, टोपलीवर पांढरं फडकं टाकून.

नाताळच्या सकाळी मालक, म्हणजे लुदोविकोंचे आजोबा, कुटुंबासकट प्रार्थनेला निघाले. गाडीपाशी पाहुणे उभे, सगळी चांगल्या कपड्यांत. आणि स्वयंपाकघरामागच्या अंगणातून त्यातला एक कोंबडा आरवला. एकदा नाही, छाती भरून पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या कोणत्या वर्षी मालक हसलेही असते. त्या वर्षी त्यांना वाटलं, हे मुद्दाम आहे. बैठकीतल्या लोकांनी या भित्र्याच्या हातून आपल्या दारात बांग देवविली. मालकांच्या कारभाऱ्यानं साबातीनोला बोलावून विचारलं, हा कोणी कापला? साबातीनो म्हणाला, “मीच. माझ्या हातानं.” झालं. पुरुषमाणसानं बायकांचं काम केलं आणि तेही धड केलं नाही! कारभारी गावभर सांगत सुटला. बैठकीतले लोक आधीच चिडलेले. त्यांनी तर नावच पाडलं, ‘साबातीनो कोंबडेवाली’. पुढच्या सान मार्तीनोच्या सणाला, नोव्हेंबरात, घर सोडायची नोटीस आली. आमच्याकडे कुळं त्या दिवशीच घर बदलत, म्हणून अजूनही कोणी घर हलवलं की ‘सान मार्तीनो केलं’ म्हणतात. साबातीनोनं केलं ते शेवटचं. ज्याच्या कोंबड्यानं मालकाला बांग दिली त्याला दुसरा मालक कशाला ठेवेल? गावाच्या खालच्या अंगाला एक खोली, आणि मग जिथे मिळेल तिथे रोजानं खड्डे खणायचं काम. हाका मारायला पोरांना ते नाव होतंच.

एवढं गावात सगळ्यांना माहीत आहे. नाझ्झारेनोलाही एवढंच माहीत होतं, आणि तेवढंच त्यानं टेबलावर सांगितलं.

मी हात धुतले आणि टेकडी चढले. सेत्तिमिया खोल्यांमागच्या खुराड्यात होती. एक पांढरा जाडजूड कोंबडा तिनं काखेत धरला होता आणि त्याच्या पायाला तेल लावत होती.

“बघ याला,” ती म्हणाली. “कसा सुस्तावलाय. बायकोची कटकट नाही, पहाटे उठून ओरडायचं नाही, दोन वेळा मक्याचा भरडा. माझ्या नवऱ्याला, क्विंतोला बिचाऱ्याला आयुष्यात एवढं सुख मिळालं नाही.”

“सोरा सेत्तिमिया...” वडीलधाऱ्या बाईला आम्ही सोरा म्हणतो.

“नाझ्झारेनो आला होता ना तुझ्याकडे? दार वाजवलं असेल त्यानं. वाकडं काम असलं की हा लहानपणापासून दार वाजवून येतो.” तिनं कोंबडा खाली सोडला. “टोपली नेईन मी, पोरी. रुमालही बांधेन. वाकायचं म्हणशील तर मी आता अशीच वाकलेली आहे, वेगळं काही करायला नको. पण तो कोंबडा नको.”

“खूप जुनी गोष्ट आहे ती. लोकांना वाईट नाही वाटणार त्यात. हसतील आणि विसरतील.”

“तेच तर. हसतील.” ती उलट्या बादलीवर बसली. मग म्हणाली, “तो मी कापला होता.”

मला आधी कळलंच नाही.

“तो कोंबडा. आई अंथरुणाला होती. मोठ्या बहिणी गव्हाच्या कापणीला. माझी बोटं बारीक, आई करताना मी शेजारी बसून दोरा ओवायचे, मला वाटलं येतं मला. बाबा तर खुराड्याकडे फिरकलेही नव्हते. त्यांना रक्त बघवायचं नाही. कारभाऱ्यानं विचारलं तेव्हा मी तिथेच होते, त्यांच्या कोटाला धरून. ते म्हणाले, मीच.”

“पण का?”

ती माझ्याकडे असं बघायला लागली, की कॉलेजात मला काय शिकवलं असेल याचा तिला विचार पडला असावा. “अगं, पोरीचा हात वाईट म्हणून एकदा नाव झालं, की कोण बोलावणार तिला? आमच्याकडे हुंडा द्यायला काय होतं? हातच होता. पुरुषाचं काय, लोक चार दिवस हसतील असं वाटलं असेल त्यांना.” तिनं तेलकट बोटं एप्रनला पुसली. “चार दिवसांत नाही संपलं ते.”

पुढे तिचा हात खरंच नावाजला. वीस वर्षं ती शेताशेतावर जात होती, आणि अजूनही नाताळच्या बाजारात लोक सेत्तिमियाचे कोंबडे आहेत का म्हणून विचारत येतात. साबातीनो खड्डे खणता खणता वारला, तेव्हा ती बाळंतपणाला आलेली होती. दफनभूमीच्या वाटेवर कोणीतरी पोरानं मागून बांग दिली होती. हे तिनं मला सांगितलं नाही. हे माझ्या सासूनं सांगितलं होतं, कारण ती त्या वाटेवर होती.

“नाझ्झारेनोला सांग ना हे,” मी म्हटलं.

“त्याला सांगून काय? तो उद्या तेही टेबलावर सांगेल.”

 आम्ही दोघी मिळून मालकांकडेच जाऊ असं ठरलं, पण जावं लागलंच नाही. लुदोविको स्वतःच खाली येत होते, गळ्यात मोठा मफलर, हातात मोबाइल.

“नोन्ना सेत्तिमिया!” ते लांबूनच म्हणाले आणि तिच्या दोन्ही गालांचा मुका घेतला.

“मी याची आजी कधी झाले?” ती माझ्या कानात पुटपुटली. मग मोठ्यानं, हात पुढे बांधून म्हणाली, “साहेब, एक विचारायचं होतं. तो कोंबड्याचा भाग काढता येईल का? आरवल्याचा?”

“काढायचा? अहो, पण सगळ्यात जिवंत तर तोच भाग आहे! बाकी काय, टोपली आणि रुमाल, ते सगळ्या गावांत असतं. ही आपली गोष्ट आहे. माझे आजोबा किती कडक होते, आणि एका गरीब माणसानं त्यांना कसा धडा शिकवला! तुमच्या वडिलांचा मान आहे त्यात.”

“त्यांनी धडाबिडा काही शिकवला नाही. ते भित्रे होते.”

लुदोविको खळखळून हसले. “किती छान बोलता तुम्ही! तू वाचणार आहेस त्यात हे पण घ्यायला हवं, ओर्नेल्ला.” मग तिच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाले, “बरं, विचार करू हं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि हो, वसंतात छपरांचं काम काढतोय, तेव्हा तुमच्या या खोल्यांचंही काय करायचं ते एकदा बसून ठरवायला हवं.”

त्यांच्या मनात काही नव्हतं, असं मी शपथेवर सांगेन. छपराचा विषय छपरावरून निघाला होता. पण सेत्तिमियानं मान खाली घातली, आणि ती परत वर करून म्हणाली ते एवढंच, “रुमाल कोणत्या रंगाचा बांधू, साहेब?”

त्या आठवड्यात मादोन्नाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, घराची रात्र होती. नाझारेथचं तिचं घर देवदूतांनी उचलून आमच्या डोंगरांवरून नेलं, त्यांना वाट दिसावी म्हणून दर वर्षी गावोगाव शेकोट्या पेटवतात. संध्याकाळी आम्ही बायका चौकातल्या शेकोटीपाशी हात शेकत होतो. बेकरीवाली म्हणाली, “केवढं भाग्य, बाई, देवदूत येऊन घर हलवतात!”

“आमचं हलवलं तेव्हा गाढव होतं,” सेत्तिमिया म्हणाली. “तेही उसनं.”

सगळ्या हसल्या. तीही हसली. तिच्यावर हसलेलं तिला चालतं.

रविवारी चार बसगाड्या आल्या. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मेंढीच्या चीजपाशी गर्दी, तळलेल्या भरल्या ऑलिव्हपाशी त्याहून गर्दी, आणि प्लॅस्टिकच्या तारका विकणाऱ्यापाशी सगळ्यात जास्त. दुपारी सगळे टेकडीवर गेले. मजकूर माझ्याकडे होता. गावात माइकसमोर न अडखळता वाचणारी मीच, म्हणून दर वेळी हे माझ्या गळ्यात पडतं. मी सेत्तिमियाला आदल्या दिवशी म्हटलं होतं, मी नाही म्हणून सांगते. ती म्हणाली, “मग बेकरीवाली वाचेल, ती तर आवाज काढून वाचेल. तू वाच. तू निदान सपाट वाचशील.”

मी सपाट वाचलं. ती काळा झगा घालून, पांढरा रुमाल बांधून, टोपली कमरेवर घेऊन अंगणात आली. लुदोविको आजोबांचा कोट घालून पायरीवर उभे होते. ती वाकली. माणसांनी मोबाइल वर धरले. तिच्या टोपलीत खरी जोडी होती, तिनं हातानं वाढवलेली, आणि ती जोडी शहाण्यासारखी गप्प बसली होती. खच्ची कोंबडा सांगून आरवत नाही, आणि खरा कोंबडा वेळेवर आरवेल याची खात्री कोण देणार? म्हणून त्याचीही सोय केलेली होती. मी वाचलं: “आणि नाताळच्या सकाळी, साबातीनोनं आपल्या हातानं कापलेला कोंबडा...” आणि स्वयंपाकघराच्या दारामागून बांग आली.

नाझ्झारेनो होता. त्याला लहानपणापासून पक्ष्यांचे आवाज चांगले येतात.

इतकी हुबेहूब, इतकी लांबलचक बांग, की अंगण हशानं दणाणलं. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होते. पायरीवर लुदोविकोंनी आजोबांसारखा चेहरा लाल केला, तेव्हा आणखी हसले. मग कोणीतरी ‘पुन्हा! पुन्हा!’ म्हणून ओरडलं आणि दारामागून पुन्हा बांग आली, आणि पुन्हा. शेवटच्या वेळी त्यानं दारातून डोकं बाहेर काढलं. त्याच्या चेहऱ्यावर कौतुकानं फुललेलं हसू होतं. मग त्याला आई दिसली, आणि ते हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

सेत्तिमिया टोपली धरून तशीच वाकून उभी होती. मी पुढचं वाचेपर्यंत तिनं सरळ व्हायचं नाही असं ठरलेलं होतं. मी पुढचं वाचलं.

रस्सा वाटायला लागले तेव्हा एक बाई, उंची कोट, डोळ्यांच्या कडा पुसत तिच्यापाशी आली. “तो साबातीनो म्हणजे कोण हो तुमचा? की नुसतीच गोष्ट?”

“वडील माझे.”

“अय्या, किती गोड! फार भोळे असतील ना?” आणि तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला.

सेत्तिमियानं रस्सा घेतला नाही. रुमाल सोडून, झगा घडी करून बंगल्यात परत दिला आणि खाली चौकात आपल्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. गिऱ्हाईक सोडून चालणार नव्हतं. कोंबडे विकायचे तेच दिवस. तिच्या शेजारी म्हातारा एर्कोले मधाच्या बरण्या लावून बसतो. बातमी त्याच्यापर्यंत तिच्या आधी पोचली होती.

“काय गं सेत्तिमिया,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “यातला एखादा रश्श्याच्या भांड्यातून आरवणार तर नाही ना? की आजोबांवर गेलेत?”

“तुझ्यावर गेलेत, एर्कोले,” ती म्हणाली. “नुसतेच फुगलेत, आवाज नाही.”

चौक हसला. एर्कोलेही हसला, त्यानं तिच्यापुढे मधाची एक बरणी सरकवली. पण समोरचं एक तरुण जोडपं एकमेकांकडे बघून कुजबुजलं, मुलीनं कोंबड्याच्या डोक्यावर तुरा आहे का ते निरखून बघितलं, आणि ती दोघं ‘फिरून येतो’ म्हणून गेली. ती परत आली नाहीत. सेत्तिमिया त्यांच्या पाठीकडे बघत होती.

नाझ्झारेनो आला तेव्हा चौकातले दिवे लागले होते. त्यानं रिकाम्या टोपल्या एकात एक घातल्या.

“आई, सगळ्यांना आवडलं,” तो म्हणाला.

“आवाज छान काढतोस तू.”

“साहेब म्हणाले, पुढच्या रविवारी आणखी दोन गाड्या आहेत.”

“उतारावर काच फुटलीय कोणाची तरी. टोपल्या नेताना बघून पाय टाक.”

तो टोपल्या घेऊन गेला. मी तिच्या टेबलावरची चादर झटकून घडी घालायला लागले, दुसरं टोक तिच्या हातात होतं. आम्ही दोघी घडी घालत जवळ आलो तेव्हा मी म्हटलं, “पुढच्या रविवारी मी वाचत नाही. काय व्हायचं ते होऊ दे. मी जाऊन सांगते त्यांना सगळं. कोणी कापला, का कापला, सगळं.”

“कशाला? म्हणजे त्यांना आणखी एक गोष्ट मिळेल. पुढच्या वर्षी एक लहान पोर आणून उभी करतील कोटाला धरून.” तिनं चादर माझ्या हातून घेतली. “आणि नाझ्झारेनोचं काय? या वयात दुसरीकडे कुठे जाईल तो? मी सान मार्तीनो एकदा पाहिलंय. दुसरं बघायचं नाही मला.”

“मग ऐकत राहायचं का दर रविवारी?”

तिनं चादर पिशवीत कोंबली, पिशवीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले. तिच्या बोटांची पेरं आता जाड झाली आहेत, बंद धरायला वेळ लागतो.

“पुढच्या रविवारी तूच वाचणार ना?” तिनं विचारलं.

“तू म्हणशील तर.”

“तूच वाच. मग असं कर, पोरी. त्या नाझ्झारेनोला आरवू दे, त्याचं पोट आहे त्यावर. वाकायचं ते मी वाकेन. हसायचं ते हसू देत. माझे कोंबडे नाही विकले गेले तर नाही गेले, आता किती वर्षं पाळणार आहे मी? एवढंच कर, जिथे साबातीनोनं कापला असं येतं ना, तिथे सेत्तिमियानं कापला असं वाच.”